तापाचा कितवा दिवस? अँटिजेन आणि अँटिबॉडी टेस्ट कधी करायच्या, रिपोर्ट कसा वाचायचा

घरात कुणाला ताप आला की पहिलं काम एकच करा: तारीख आणि वेळ लिहून ठेवा. कॅलेंडरवर, मोबाइलमध्ये, कुठेही. "सोमवार, संध्याकाळी सात, थंडी वाजून ताप" एवढं पुरे. अँटिबायोटिकची पहिली गोळी कधी घेतली तेही त्याच्याखाली लिहा. पुढे डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, तर या दोन ओळी रिपोर्टाइतक्याच कामाच्या ठरतात.

मी कुडाळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा, करून इथे लागले ती अजून इथेच आहे. रक्त घेणं, टेस्ट लावणं आणि डॉक्टर मॅडमची सही झालेला रिपोर्ट काउंटरवर देताना लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणं, हे माझं रोजचं काम. निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण कोणती टेस्ट कोणत्या दिवशी लावली तर तिला काय दिसतं आणि काय दिसूच शकत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. ते प्रत्येक घरात ठाऊक असावं असं मला फार वाटतं.

पावसाळा लागला की आमच्याकडे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो आणि टायफॉइड एकाच वेळी फिरत असतात. पहिले दोन दिवस सगळ्यांचं रूप सारखंच: ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं. माणूस काउंटरवर येतो आणि विचारतो, "डेंगूची टेस्ट केवढ्याक?" मी उलट विचारते, ताप कितवा दिवस? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: "झाले चार-पाच दिस." चार की पाच, यावरच कोणती टेस्ट लावायची ते ठरतं. म्हणून ती तारीख लिहायला सांगते आहे.

दोन टेस्ट, दोन वेगळे प्रश्न

अँटिजेन टेस्ट जंतूचाच एखादा भाग शोधते. तो विषाणूचं एखादं प्रथिन असेल, नाहीतर मलेरियाच्या परजीवीने रक्तात सोडलेला पदार्थ असेल. अँटिबॉडी टेस्ट जंतूला शोधतच नाही. त्या जंतूशी लढायला आपल्या शरीराने जी प्रथिनं तयार केली, ज्यांना पुस्तकात प्रतिपिंडं म्हणतात, ती रक्तात आहेत का एवढंच ती पाहते.

आमच्या बाजूच्या माणसांना मी असं सांगते. बागेत गवा शिरलेला दिसला, ही अँटिजेन टेस्ट. गव्याने नासधूस केल्यावर बागेला घातलेलं कुंपण दिसलं, ही अँटिबॉडी टेस्ट. गवा आजच शिरला असेल तर कुंपण अजून झालेलं नसणार. आणि कुंपण दिसलं म्हणून गवा आज आत आहे असं होत नाही, तो दोन वर्षांपूर्वी येऊन गेलेला असेल.

अँटिबॉडीमध्ये आपल्या कामाचे प्रकार दोन. आयजीएम आधी तयार होतं. तापाच्या बऱ्याच आजारांत ते चौथ्या-पाचव्या दिवसाच्या पुढे दिसू लागतं आणि काही आठवडे किंवा महिने राहून ओसरतं. आयजीजी मागून येतं आणि वर्षानुवर्षं, कधी जन्मभर राहतं. रिपोर्टवर नुसतं "पॉझिटिव्ह" वाचून घाबरण्याआधी त्याच्या डावीकडे काय लिहिलंय ते वाचा: अँटिजेन, आयजीएम की आयजीजी. शब्द एकच, पण तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा.

यातल्या कुठल्याच टेस्टसाठी उपाशीपोटी यावं लागत नाही. तापाने गळून गेलेल्या पोराला सकाळपासून उपाशी ठेवून आणलेलं पाहिलं की जीव तुटतो. त्याला पेज पाजून आणा.

डेंग्यू: पाचव्या दिवसाआधी आणि नंतर

तापाचा पहिला दिवस म्हणजे ताप चढला तो दिवस. "परवापासून अंग मोडता, पण ताप काल रातीक इलो," असं कुणी सांगितलं, तर मी फॉर्मवर दुसरा दिवस लिहिते.

डेंग्यूचा विषाणू शरीरात वाढत असताना एनएस-१ नावाचं प्रथिन रक्तात सोडतो. ते तापाच्या पहिल्या दिवसापासून सापडू शकतं. पाचव्या दिवसानंतर ते सापडण्याची शक्यता घटत जाते. साधारण त्याच सुमारास आयजीएम वर यायला लागतं आणि दोन-तीन महिने रक्तात राहतं. म्हणून सरकारी पद्धतही तीच आहे: पाच दिवसांच्या आत एनएस-१ची एलायझा (लॅबमध्ये प्लेटवर होणारी पक्की तपासणी), त्यानंतर आयजीएमची एलायझा. दुसऱ्या दिवशी येऊन "आयजीएमच करा, ती पक्की असते असं ऐकलंय" म्हणणाऱ्याला मी समजावते की आज ती निगेटिव्हच येणार, पैसे वाया जातील. आठव्या दिवशी नुसती एनएस-१ मागणाऱ्यालाही थांबवते.

बाजारात मिळणाऱ्या डेंग्यूच्या कार्डात, म्हणजे झटपट टेस्टच्या पट्टीत, बहुतेक वेळा एनएस-१, आयजीएम आणि आयजीजी तिन्ही एकत्र असतात. त्यामुळे रिपोर्टवर तीन ओळी येतात. एनएस-१ पॉझिटिव्ह आणि बाकी दोन निगेटिव्ह, हा साधा रिपोर्ट. डेंग्यू आहे, सुरुवातीचे दिवस आहेत. एनएस-१ निगेटिव्ह आणि आयजीएम पॉझिटिव्ह, ताप सहा-सात दिवसांचा, हाही समजायला सोपा आहे. पण आयजीएम महिनोन्‌महिने टिकतं हे विसरू नका. दीड महिन्यापूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्या माणसाला आज वेगळाच ताप आला, तरी त्याचं आयजीएम पॉझिटिव्ह येऊ शकतं. त्याने आधीच्या आजाराबद्दल सांगितलं नाही, तर डॉक्टरांची दिशा चुकते. डेंग्यूच्या नात्यातले विषाणू, जपानी मेंदूज्वराचा किंवा झिकाचा, यांच्या अँटिबॉडीही कधी कधी या टेस्टला फसवतात.

खरी अडचण तिसऱ्या प्रकारच्या रिपोर्टाची. तापाचा तिसरा दिवस, एनएस-१ निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी मात्र पॉझिटिव्ह. हा कागद हातात घेऊन लोक दोन टोकांना जातात. कुणी म्हणतं, आयजीजी म्हणजे जुना डेंग्यू, सोडून द्या. कुणी त्याच दिवशी ॲडमिट व्हायला निघतं. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एका प्रकाराचा डेंग्यू झाला, तरी दुसऱ्या प्रकाराचा पुन्हा होऊ शकतो, आणि दुसऱ्या खेपेचा डेंग्यू गंभीर होण्याचा धोका जास्त असतो. या दुसऱ्या खेपेला शरीराला आधीची ओळख असते, त्यामुळे आयजीजी पहिल्या काही दिवसांतच भराभर वाढतं, आयजीएम कमी बनतं किंवा दिसतच नाही, आणि जुन्या अँटिबॉडी एनएस-१ला चिकटून बसल्यामुळे तेही सापडेनासं होतं. म्हणजे हाच रिपोर्ट जुन्या, संपलेल्या डेंग्यूचा असू शकतो किंवा आज चालू असलेल्या दुसऱ्या डेंग्यूचा असू शकतो. नुसत्या कार्डावरून हे सांगता येत नाही. अशा वेळी डॉक्टरांना रिपोर्ट त्याच दिवशी दाखवा, रोज सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा हिस्सा) यांची चाल पाहा, आणि सहाव्या-सातव्या दिवशी आयजीएम पुन्हा करा. दुसरं रक्त मागितलं म्हणजे लॅबवाले पैसे काढतात असं समजू नका. डेंग्यूत दुसरं रक्त हाच कितीतरी वेळा निकाल असतो.

कार्डावर पॉझिटिव्ह आलेला डेंग्यू सरकारी नोंदीत "संभाव्य" धरतात. पक्का तो एलायझाने. ठरवून दिलेल्या सरकारी केंद्रांवर ही तपासणी होते, आणि तिथलं आयजीएमचं किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने तयार केलेलं असतं. कार्डाचा रिपोर्ट वीस-पंचवीस मिनिटांत मिळतो. एलायझाला प्लेट भरायची, धुवायची, रंग यायची वाट पाहायची, असे काही तास लागतात, आणि बरेचसे नमुने एकत्र लावतात म्हणून रिपोर्ट दुसऱ्या दिवशीही येऊ शकतो. तोवर उपचार थांबवून बसायचं नसतं.

एक गोष्ट रिपोर्टाच्या पलीकडची, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा धोका संपत नाही, उलट त्याच एक-दोन दिवसांत तो सुरू होतो. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप सुस्ती किंवा अस्वस्थपणा, यांतलं काहीही दिसलं तर रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह हे न पाहता दवाखाना गाठा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कार्ड कसं बोलतं

कोविडच्या काळात पुष्कळांनी घरी कार्ड वापरलं, त्यामुळे ते सगळ्यांना माहीत झालं. पण ते नीट वापरलेलं कमी पाहिलं.

कार्डाच्या आत कागदासारखी एक पातळ पट्टी असते. एका टोकाला थेंब पडला की तो पट्टीवरून पुढे सरकायला लागतो. वाटेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण लावलेल्या अँटिबॉडी असतात. होय, खरंच सोनं, आणि या आकारात ते लालसर दिसतं. अँटिजेन टेस्टमध्ये नमुन्यातला जंतूचा तुकडा या कणांना चिकटतो, सगळं मिळून पुढे वाहतं, आणि "टी" लिहिलेल्या जागी पट्टीला चिकटवलेल्या दुसऱ्या अँटिबॉडी त्याला पकडून ठेवतात. कण तिथे साचले की रेघ उमटते. अँटिबॉडी टेस्टमध्ये याच्या उलट: पट्टीवर किंवा कणांवर जंतूचं प्रथिन असतं आणि तुमच्या रक्तातली अँटिबॉडी पकडली जाते. पुढे "सी"ची रेघ. ती नमुना शेवटपर्यंत वाहिला आणि कार्ड चालू आहे एवढंच सांगते. सी उमटली नाही तर ते कार्ड बाद. टी दिसत असली तरी बाद. दुसरं कार्ड लावायचं.

पाकीट फोडल्यावर कार्ड लगेच वापरायचं. आमच्या पावसात हवा इतकी ओली असते की उघडं ठेवलेलं कार्ड ओलावा ओढून घेतं, मग थेंब वाटेतच रेंगाळतो. पाकिटात सिलिकाची छोटी पुडी असते ती त्यासाठीच. किटवर लिहिलंय तेवढेच थेंब टाकायचे. "थोडं जास्त टाकलं तर लवकर येईल" असं होत नाही. आणि मिनिटं पाळायची. पंधरा मिनिटं लिहिली असतील तर पंधराव्या मिनिटाला वाचायचं. पाचव्या मिनिटाला रेघ नाही म्हणून निगेटिव्ह ठरवायचं नाही, आणि तासाभराने पट्टी वाळल्यावर उमटलेली सावली पॉझिटिव्ह धरायची नाही. ठरलेल्या वेळेत टीवर रेघ आली, मग ती कितीही फिकी असो, कार्ड पॉझिटिव्ह आहे. अशी फिकी रेघ मी उजेडात तिरकी धरून पाहते आणि शंका राहिली तर मॅडमना दाखवते. रेघेच्या गडदपणावरून आजार किती आहे ते ठरवता येत नाही.

कार्डाच्या निगेटिव्हवर पूर्ण भिस्त ठेवू नका. नमुन्यात अँटिजेन कमी असेल तर कार्डाला ते दिसत नाही. कोविडमध्ये म्हणूनच नियम होता: लक्षणं आहेत आणि रॅपिड (कार्डाची टेस्ट) निगेटिव्ह आली, तर आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी टेस्ट, करा. तोच विचार डेंग्यूलाही लागू आहे.

विडाल, म्हणजे आमच्या काउंटरवरची सगळ्यात गैरसमजाची टेस्ट

फ्रान्सच्या फर्नांद विडाल यांनी १८९६ मध्ये टायफॉइडची ही टेस्ट मांडली. सव्वाशे वर्षांहून जास्त झाली, आणि आपल्याकडे अजून रोज होते, कारण ती स्वस्त आहे आणि लगेच होते. काचेच्या स्लाइडवर रुग्णाच्या सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्याचा, थेंब, त्यात टायफॉइडच्या मेलेल्या जंतूंचं रंगीत द्रावण. "ओ" आणि "एच" हे त्या जंतूचे दोन अँटिजेन. आमच्या किटमध्ये "ओ"चं निळं आणि "एच"चं लाल. हलवत राहायचं आणि एका मिनिटात दाणे जमतात का पाहायचं. दाणे जमले म्हणजे सीरममध्ये अँटिबॉडी आहेत. मग सीरम किती पट पातळ केलं तरी दाणे जमतात त्यावर आकडा: १:४०, १:८०, १:१६०, १:३२०.

लोक हा आकडा घेऊन येतात आणि म्हणतात, "ताई, थोडासा टायफॉइड निघालाय, १:८०." थोडासा टायफॉइड नावाचा आजार नाही. १:८० हा आकडा आपल्या देशात धडधाकट माणसांच्या रक्तातही सापडतो. लहानपणापासून पाण्यातून, खाण्यातून हे जंतू आणि त्यांचे नातेवाईक पोटात गेलेले असतात, कुणी लस घेतलेली असते, कुणाला पूर्वी टायफॉइड होऊन गेलेला असतो. इतकंच काय, दुसऱ्याच कारणाने ताप आला तरी जुन्या अँटिबॉडी थोड्या उसळून वर येतात. शिवाय दिवसाचा प्रश्न इथेही आहेच: टायफॉइडच्या अँटिबॉडी दुसऱ्या आठवड्यात वाढतात. दुसऱ्या दिवशी केलेली विडाल निगेटिव्ह आली तर टायफॉइड नाही असं म्हणता येत नाही, आणि १:८० आली तर आहे असंही म्हणता येत नाही. मग ती केली कशाला?

करायचीच असेल तर नीट करा. एक रक्त आज, दुसरं दहा ते चौदा दिवसांनी, दोन्ही एकाच लॅबमध्ये. आकडा चौपट वाढला, म्हणजे १:८० चा १:३२० झाला, तर त्याला अर्थ आहे. पण इतके दिवस ताप अंगावर काढून कोण बसणार, हा प्रश्न मलाही पडतो. म्हणून टायफॉइडचा संशय असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "ब्लड कल्चर करूया का?" पहिल्या आठवड्यात टायफॉइड पकडायची खरी तपासणी तीच. तिच्यात जंतू स्वतः वाढवून दाखवतात आणि त्याला कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल तेही सांगतात. मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त लागतं, रिपोर्टला काही दिवस जातात, खर्च विडालपेक्षा बराच जास्त. आणि मोठी अट: अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी रक्त द्यायचं. आधीच दोन दिवस गोळ्या झाल्या असतील तर कल्चरमध्ये जंतू वाढायची शक्यता फार घटते.

एका विडालवर माणसं चौदा चौदा दिवस अँटिबायोटिक घेतात. बरं वाटलं नाही की पुन्हा विडाल, पुन्हा तोच १:८०, पुन्हा नवा कोर्स. बरे झाल्यावरही हा आकडा महिनोन्‌महिने राहू शकतो. "टायफॉइड अजून गेला नाही" हे तपासायला विडाल कधीही करू नका.

लेप्टो, माकडताप, मलेरिया

लावणीच्या चिखलात उतरलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल झालेत, तर डॉक्टर लेप्टोचा विचार करतात. उंदरांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतात. लेप्टोचं आयजीएम साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापासून दिसतं. त्यामुळे तिसऱ्या दिवसाचं निगेटिव्ह कार्ड घेऊन निर्धास्त होणं धोक्याचं. लेप्टोत किडनी आणि लिव्हर झपाट्याने बिघडू शकतात, म्हणून डॉक्टर रिपोर्टाची वाट न पाहता औषध सुरू करतात. "रिपोर्ट निगेटिव्ह असून औषध कशाला?" असं विचारून ते बंद करू नका. शेतात काम करतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा, पँट-शर्टातल्या माणसाकडे बघून ते कळत नाही.

दोडामार्ग, बांदा भागात आणि पलीकडे गोव्याच्या सत्तरीत काजूच्या हंगामात गोचिडीपासून होणारा माकडताप असतो. त्याचं कार्ड माझ्याकडे मागू नका. सुरुवातीच्या दिवसांत पीसीआर आणि पुढे आयजीएम, हे सगळं सरकारी दवाखान्यामार्फत ठरलेल्या प्रयोगशाळेत होतं. जंगलात गेला होतात, माकडं मेलेली दिसली, गोचिडी चावली, एवढं आरोग्य केंद्रात सांगा, पुढचं ते करतात.

मलेरियाचं कार्ड अँटिजेनचं असतं, म्हणून पहिल्या दिवसापासून उपयोगाचं. पण फॅल्सिपेरम (मलेरियाचा जास्त घातक प्रकार) शोधणारी बहुतेक कार्डं ज्या प्रथिनावर चालतात ते औषधाने परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. मलेरिया बरा झाला का ते पाहायला कार्ड लावू नका, रक्ताची काच करा. मायक्रोस्कोपखाली परजीवी दिसतो किंवा नाही.

पॉझिटिव्ह रिपोर्टाचं वजन कशावर ठरतं

समजा एक टेस्ट १०० आजारी माणसांपैकी ९० जणांना पकडते आणि १०० निरोगी माणसांपैकी ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. ऐन साथीत तापाने आलेल्या १००० जणांपैकी ४०० जणांना तो आजार असेल, तर ३६० पॉझिटिव्ह खरे आणि ३० खोटे. रिपोर्टवर विश्वास ठेवावा असं हे प्रमाण आहे. आता तीच टेस्ट कसलाही त्रास नसलेल्या १००० जणांवर लावा, ज्यांत आजारी फक्त १० आहेत. खरे पॉझिटिव्ह ९, खोटे जवळजवळ ५०. कार्ड तेच, लॅब तीच, टेक्निशियनही मीच, पण पॉझिटिव्हचा अर्थ साफ बदलला. म्हणून लक्षणं नसताना "सहज" म्हणून अँटिबॉडीची पॅकेजं करू नका, आणि पॉझिटिव्ह आलं तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्या.

क्षयरोगाच्या बाबतीत तर रक्तातल्या अँटिबॉडीवरून निदान करणाऱ्या टेस्ट इतक्या बेभरवशाच्या निघाल्या की २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असं सांगितलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. कुणी टीबीची आयजीजी-आयजीएम करून घ्यायला सांगितली तर नको म्हणा. फुप्फुसाच्या टीबीसाठी थुंकी द्या.

दीर्घकाळ राहणारे आजार: इथे दिवसांऐवजी महिने मोजायचे

एचआयव्हीच्या नव्या टेस्ट विषाणूचं पी-२४ अँटिजेन आणि अँटिबॉडी दोन्ही एकत्र शोधतात, तरीही संसर्गानंतरचे पहिले काही आठवडे कोरे जाऊ शकतात. धोका झाला असं वाटत असेल तर पहिल्या निगेटिव्हवर थांबू नका, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. सरकारी आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, ही तपासणी मोफत होते, समुपदेशक आधी बोलतात, गुप्तता पाळतात, आणि पहिली टेस्ट रिॲक्टिव्ह आली तर आणखी दोन वेगळ्या किटवर पडताळून मगच पॉझिटिव्ह म्हणतात. एकाच कार्डावरून हा शब्द कुणी तुमच्या तोंडावर टाकला तर तो अंतिम मानू नका. आई एचआयव्ही पॉझिटिव्ह असेल तर तिचं आयजीजी वारेतून बाळाकडे जातं, त्यामुळे बाळाला लागण नसली तरी त्याची अँटिबॉडी टेस्ट दीड वर्षापर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा बाळासाठी विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी वेगळी टेस्ट असते, ती वेळेवर करून घ्या.

हेपटायटिस सी ची अँटिबॉडी आजार बरा झाला तरी राहते. ती पॉझिटिव्ह आली की पुढची पायरी आरएनए टेस्ट, म्हणजे व्हायरल लोड. त्यात विषाणू सापडला तर गोळ्यांनी हा आजार बरा होतो, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत.

हेपटायटिस बी मध्ये अँटिजेन आणि अँटिबॉडीची नावं इतकी सारखी आहेत की लोक गडबडतात. "एचबीएसएजी" हा विषाणूच्या पृष्ठभागावरचा अँटिजेन. तो पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू अंगात आहे. सहा महिन्यांनीही पॉझिटिव्हच राहिला तर आजार जुनाट धरतात, आणि मग पोटाच्या डॉक्टरांकडे नियमित जायला हवं, त्रास नसला तरी. "अँटी-एचबीएस" ही अँटिबॉडी. ती पॉझिटिव्ह ही चांगली बातमी आहे: लशीमुळे किंवा आजार होऊन गेल्यामुळे संरक्षण आलं आहे. हिचा रिपोर्ट बघून रडणारी माणसं मी समजूत घालून घरी पाठवली आहेत. "अँटी-एचबीसी" लशीने तयार होत नाही, ती फक्त खऱ्या संसर्गाने होते. म्हणून ती आणि अँटी-एचबीएस दोन्ही पॉझिटिव्ह असतील आणि एचबीएसएजी निगेटिव्ह असेल, तर आजार येऊन गेला असं समजतात.

घरात एकाला एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघाला तर बाकी सगळ्यांची तपासणी करा. जेवणाच्या ताटातून, मिठीतून हा आजार पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो, म्हणून दाढीचं ब्लेड आणि दात घासायचा ब्रश तेवढे वेगळे ठेवा. घरात गरोदर बाई असेल तर तिची तपासणी सगळ्यात आधी. ती पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन मिळायला हवं, हे प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. बाकीचे निगेटिव्ह निघाले की त्यांनी लशीचे तीन डोस पूर्ण करावेत. डोस घेतल्यावर लगेच एचबीएसएजी तपासू नका. ही लस त्याच अँटिजेनपासून बनवतात, त्यामुळे काही दिवस तो रक्तात दिसून उगाच घाबरायला होतं. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस करा. आकडा १० किंवा त्याहून जास्त आला की तो कागद लशीच्या कार्डाला टाचून ठेवा.